अपेक्षाक्षितिज आणि परदेश : मराठी प्रवासवर्णनातील एका प्रश्नाचा विचार

१

परदेशाविषयीची पूर्वकल्पना आणि परदेशाचा प्रत्यक्ष अनुभव यांतील अंतर हा प्रवासवर्णनाचा जवळजवळ गृहीत धरलेला विषय आहे. 'वाटले होते एक, आढळले दुसरेच' या सूत्राभोवती प्रवासवर्णनातील असंख्य प्रसंग गुंफलेले दिसतात. ज्यांची शिस्त ऐकून ठाऊक होती ती माणसे गबाळी निघतात. ज्यांच्या तुटकपणाची धास्ती घेतलेली असते ती मायाळू निघतात. चित्रात भव्य वाटलेली वास्तू प्रत्यक्षात बेताची भरते. अशा प्रसंगांमुळे निवेदनाला गती मिळते आणि वाचकाचे कुतूहल टिकून राहते. तथापि, या सूत्रामुळे एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. प्रवासात अपेक्षा बदलते, असे म्हणताना नेमके काय बदलते?

येथे दोन पातळ्या वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली पातळी माहितीच्या दुरुस्तीची. प्रवाशाने जे मानले होते ते चुकीचे ठरते आणि त्याच्या जागी अधिक अचूक माहिती येते. या व्यवहारात प्रवासी स्वतः अबाधित राहतो. त्याची मोजपट्टी तीच असते, फक्त मोजमापाची नोंद बदलते. दुसरी पातळी मोजपट्टीच्याच बदलाची. तेथे प्रवाशाला परदेशाविषयी नवे काही कळते, आणि त्याबरोबरच स्वदेशाकडून, स्वतःच्या समाजाकडून आणि स्वतःकडून काय अपेक्षावे याविषयीची त्याची धारणा हलते. मराठी प्रवासवर्णनांत पहिल्या पातळीचे लेखन विपुल आहे. दुसऱ्या पातळीचे लेखन विरळ आहे. इतकेच नव्हे, तर ते जेथे आहे तेथे ते ओळखण्याची साधने मराठी समीक्षेने पुरेशी घडवलेली नाहीत. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या गोष्टीकडे आहे.

हान्स रॉबर्ट याऊस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्स येथील व्याख्यानात मांडलेली 'अपेक्षाक्षितिज' ही संकल्पना या संदर्भात उपयोगी पडते. वाचक कोऱ्या मनाने कृतीकडे येत नाही. पूर्वी वाचलेल्या कृती, वाङ्मयप्रकाराचे संकेत आणि जगण्याचा अनुभव यांनी त्याचे क्षितिज आधीच आखलेले असते. हे क्षितिज जसेच्या तसे राखणारी कृती करमणुकीच्या जवळ जाते, तर ते सरकवणारी कृती वाचकाकडून अधिक मागते. याऊस यांच्यामागे गाडामेर यांचा पूर्वग्रहविचार उभा आहे. पूर्वग्रह हा आकलनातील निव्वळ अडथळा नसून त्याच्यावाचून आकलनाला प्रारंभच होत नाही, हे त्या विचाराचे सार. प्रवाशालाही हे लागू पडते. काहीच न अपेक्षिणारा प्रवासी काहीच पाहू शकत नाही.

मात्र ही संकल्पना प्रवासवर्णनाला लावताना एक अडचण उभी राहते. कादंबरी वाचताना क्षितिज सरकते ते वाचकाचे. प्रवासवर्णनात दोन क्षितिजे असतात : प्रवास केलेल्या लेखकाचे आणि घरी राहिलेल्या वाचकाचे. लेखकाचे क्षितिज प्रवासात हलले असले, तरी तो ज्याच्यासाठी लिहितो त्या वाचकाने गावची वेस ओलांडलेली नसते. परत आलेल्या लेखकापुढे म्हणून एक निवड असते. वाचकाच्या जुन्या क्षितिजाशी पुन्हा जुळवून घेऊन लिहावे, की वाचकाचेही क्षितिज हलवण्याचा उद्योग अंगावर घ्यावा? प्रवासवर्णनाची शैली, निवेदकाचे स्थान, प्रसंगांची निवड या सर्व गोष्टी या निवडीतून ठरतात.

२

या निवडीच्या खुणा कित्येकदा शीर्षकातच सापडतात. अनंत काणेकरांच्या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे शीर्षक 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' असे आहे. युरोप आणि सोव्हिएत रशिया यांच्या प्रवासाचे हे वर्णन. पण शीर्षकाने त्या प्रवासाला भूगोलापेक्षा वेगळी दिशा बहाल केली आहे. धुके आणि तारा या प्रतिमांनी मूल्यांची उतरंड आधीच मांडलेली आहे. वाचकाने पहिले पान उलटण्यापूर्वीच त्याला कोठून निघून कोठे पोहोचायचे हे कळते. तिसऱ्या-चौथ्या दशकांत जगभरच्या अनेक बुद्धिमंतांनी रशियाकडे ज्या आशेने पाहिले, त्या आशेचा हा मराठी आविष्कार होय. असे शीर्षक धारण करणाऱ्या संहितेत अपेक्षा प्रवासाच्या आधी जन्मते आणि प्रवास तिच्या पडताळ्याचे काम करतो. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण विचारनिष्ठेने केलेल्या प्रवासाची ती एक प्रामाणिक तऱ्हा आहे. फक्त अशा प्रवासात अपेक्षेला धक्का बसण्यासाठी उरणारी जागा अरुंद होते, एवढे लक्षात घेतले पाहिजे.

पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'चे (१९६०) उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. 'अपूर्वाई' या शब्दात नावीन्य आहे, तसेच त्या नावीन्याचे घरगुती कौतुकही आहे. परंतु ज्या इंग्लंडला हा प्रवासी निघाला ते त्याच्या पिढीला अपूर्व कोठे होते? शालेय क्रमिक पुस्तके, इंग्रजी कविता, शेक्सपिअर, वर्तमानपत्रे आणि दीडशे वर्षांची राजवट यांनी ते मनात आधीच वसवलेले होते. त्या काळी परकीय चलनाची टंचाई होती आणि मध्यमवर्गीय मराठी माणसाला परदेशगमन दुर्मीळ होते. त्यामुळे ज्याचे दर्शन दुर्मीळ आणि ज्याची कल्पना अतिपरिचित, असा हा देश होता. या विसंगतीतूनच पुस्तकातील विनोद उगवतो. प्रस्थानापूर्वीची तयारी आणि सल्लागारांची लगबग यांना तेथे जे महत्त्व मिळते, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. प्रवास सुरू होण्याआधीच 'परदेश' नावाची वस्तू मराठी घरात तयार झालेली असते आणि थट्टेचा पहिला विषय ती वस्तूच ठरते.

या विनोदाचे कार्य दुहेरी आहे. एका बाजूने तो परदेशाच्या दबदब्याला टाचणी लावतो. परदेशी जाऊन आलेल्यांच्या प्रतिष्ठेविषयीची वाचकाची अपेक्षा खरोखरच बदलतो. दुसऱ्या बाजूने तो निवेदकाला सुरक्षित ठेवतो. गोंधळणारा, घरच्या जेवणाची आठवण काढणारा, पण मनाने निरोगी असा हा निवेदक वाचकाच्या ओळखीचा असतो. त्याच्याशी हसत एकरूप होणाऱ्या वाचकाला स्वतःची मोजपट्टी तपासण्याची निकड भासत नाही. 'पूर्वरंग' (१९६३) या पुढच्या पुस्तकात प्रवासाची दिशा पालटते. बाली, जपान आदी पूर्वेकडील प्रदेशांविषयी शालेय शिक्षणाने मराठी वाचकाला तयार क्षितिज फारसे दिलेले नव्हते. शीर्षकातील श्लेष येथे बोलका आहे. 'पूर्व' ही दिशा आहे आणि 'पूर्वरंग' हा कीर्तनातील निरूपणाचा, आख्यानाआधीचा भाग आहे. ज्या देशांची कथा अद्याप लावायची आहे, त्यांच्यापुढे निवेदक निरूपणाच्या पवित्र्यात उभा आहे, असे या शीर्षकावरून म्हणता येईल. अपेक्षेचे दाट आवरण नसलेल्या ठिकाणी पाहणे अधिक मोकळे होते काय, हा प्रश्न ही दोन पुस्तके शेजारी ठेवल्यावर उपस्थित होतो आणि तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

३

मोजपट्टीच्या बदलाचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण या दोन्ही लेखकांच्या कितीतरी आधीचे आहे. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. या शीर्षकाचा क्रमच विचार करायला लावतो. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. समुद्रप्रवासाचे प्रारंभिक प्रकरण संपल्यावर प्रवासी स्त्री बरीचशी मागे सरते आणि राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व दानधर्म, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम असे विषय प्रकरणवार पुढे येतात. लेखिकेने त्या देशात व्याख्यानांच्या निमित्ताने विस्तृत प्रवास केला होता, तिचे नाव तेथे गाजत होते. तरी स्वतःच्या त्या गाजण्याचे चित्रण करण्याची संधी ती घेत नाही.

या लेखनामागील प्रवासाचा इतिहास पाहिला तर अपेक्षाबदलाची प्रक्रिया अधिक स्पष्ट होते. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने. श्रवणदोषामुळे ती इच्छा फलद्रूप झाली नाही. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात अध्ययन व अध्यापन केले. या वास्तव्यात धर्मतत्त्वांच्या अर्थावरून त्यांचे आपल्या मार्गदर्शकांशी मतभेद झाले. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे काय, यावरही हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. तो पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रकाशित झाला असून त्यातील रमाबाईंचा स्वर आज्ञाधारक शिष्येचा नाही. ज्या देशाकडून विद्या आणि स्वातंत्र्य यांची अपेक्षा केली, त्या देशाने धर्म देऊ केला तो अधिकाराच्या चौकटीसह, हा त्या अनुभवाचा निष्कर्ष मानावा लागतो.

१८८६ च्या प्रारंभी त्या अमेरिकेस निघाल्या तेव्हा हे क्षितिज त्यांच्याबरोबर होते. निमित्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे होते. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो ११ मार्च १८८६ रोजी झाला आणि महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांचे रमाबाईंना निमंत्रण होते. एका समारंभासाठी योजलेली ही भेट जवळजवळ तीन वर्षे लांबली. अल्प मुक्कामाच्या अपेक्षेचे दीर्घ अभ्यासात झालेले रूपांतर हीच या प्रवासातील मध्यवर्ती घटना होय आणि पुस्तकाचा घाट तिच्यातून सिद्ध झाला आहे. पाहुणी म्हणून आलेल्या व्यक्तीला देखावे पुरतात. काही उभारण्याच्या हेतूने थांबलेल्या व्यक्तीला संस्था कशा चालतात हे समजून घ्यावे लागते. रमाबाईंनी तेथे फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले; १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्याच्या साहाय्यासाठी संघ स्थापन झाला; आणि परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पुस्तक त्याच वर्षीचे आहे. ते संस्थेचे जुळे भावंड आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यातील माहितीच्या दाटीचा अर्थ लागत नाही.

या पार्श्वभूमीवर स्त्रियांच्या स्थितीवरील प्रदीर्घ प्रकरण वाचले म्हणजे रमाबाईंनी मराठी वाचकाच्या क्षितिजाशी कोणता व्यवहार केला हे दिसते. त्या काळच्या सुशिक्षित वाचकाची पाश्चात्त्य देशांविषयीची अपेक्षा साधारणतः दोन प्रकारची होती. एक, ते देश स्वभावतःच पुढारलेले असून तेथील स्त्रिया निसर्गदत्त भाग्याने स्वतंत्र आहेत. दुसरी, ते देश स्वैराचाराने ग्रासलेले असून तेथील स्त्रियांचे स्वातंत्र्य हे अधःपाताचे लक्षण आहे. दोन्ही अपेक्षा वरवर परस्परविरोधी असल्या तरी त्यांचे गृहीतक एकच : तेथील स्थिती ही मूळचीच तशी आहे. रमाबाई हे गृहीतक काढून घेतात. अमेरिकेतील स्त्रियांनाही शिक्षणासाठी, व्यवसायासाठी, सभेत उभे राहून बोलण्यासाठी झगडावे लागले आणि त्या झगड्यात धर्मगुरूंचा व समाजाचा उपहास सोसावा लागला, हा इतिहास त्या मांडतात. मताधिकार अद्याप दूर आहे, समान कामाला समान वेतन नाही, याही बाबी त्या वगळत नाहीत. परिणामी परदेश हा लाभलेल्या दैवाचा प्रदेश न राहता घडवलेल्या स्थितीचा प्रदेश ठरतो. जे तेथे घडवले गेले ते येथेही घडवता येईल, हे अनुमान त्यातून आपोआप निघते. वाचकाची अमेरिकेविषयीची अपेक्षा बदलण्याच्या मिषाने त्याची महाराष्ट्राविषयीची अपेक्षा बदलण्याचा हा प्रयत्न आहे.

४

नव्या खंडाच्या शोधावरील प्रकरण या दृष्टीने विशेष चिंतनीय आहे. अपेक्षा आणि परदेश यांच्या संबंधाचा सर्वांत भयावह पुरावा ज्या घटनेत साठलेला आहे, त्या घटनेकडे हे प्रकरण वाचकाला नेते. कोलंबस हिंदुस्थानच्या व पूर्वेकडील देशांच्या अपेक्षेने निघाला आणि १४९२ च्या ऑक्टोबरात ज्या बेटांना लागला, ती त्याने पूर्वेकडीलच मानली. प्रत्यक्षाने त्याची अपेक्षा दुरुस्त केली नाही. उलट त्याच्या अपेक्षेने प्रत्यक्षाला नाव दिले. तेथील लोक 'इंडियन' ठरले आणि चूक उघडकीस आल्यानंतरही ते नाव शतकानुशतके टिकले. हे नाव म्हणजे न बदललेल्या अपेक्षेचा जीवाश्म आहे. त्या अपेक्षेबरोबर आलेल्या सोन्याच्या हव्यासाने आणि शस्त्रांनी मूळ रहिवाशांचे काय केले, याचे वर्णन रमाबाई सहानुभूतीने आणि संतापाने करतात.

ज्या देशाच्या शोधात कोलंबस निघाला होता, त्या देशातील एक स्त्री चार शतकांनी त्याच्या चुकीच्या भूमीवर उभी राहून तो इतिहास आपल्या भाषेत लिहिते, यातील व्यंजना टिपण्यासाठी वेगळ्या अलंकरणाची गरज नाही. एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटलिझम'ने (१९७८) आणि मेरी लुईस प्रॅट यांच्या 'इंपीरियल आईज'ने (१९९२) युरोपीय प्रवाशाची नजर कशी सत्तेशी जोडलेली असते हे दाखवून दिले. त्या विवेचनात प्रवासी बहुधा राज्यकर्त्या समाजाचा असतो. रमाबाईंच्या संहितेत जित समाजातील स्त्री पाहणारी आहे. इंग्रजांचे राज्य झुगारून प्रजासत्ताक झालेल्या देशाचे राज्यशास्त्र ती इंग्रजांच्या प्रजेला समजावून सांगते. मीरा कोसंबी यांनी २००३ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद संपादित केल्यानंतर जागतिक अभ्यासात या उलट फिरलेल्या नजरेची दखल घेतली गेली.

५

तथापि, या नजरेचे निर्दोष असे गौरवीकरण करणे समीक्षेला शोभणारे नाही. रमाबाईंच्या मोजपट्टीलाही मर्यादा होत्या. ख्रिस्ती दानधर्म आणि मद्यपाननिषेधाची चळवळ यांच्याकडे पाहताना त्यांची चिकित्सा बरीच सौम्य होते. प्रगती, सुधारणा, रानटीपणा या एकोणिसाव्या शतकातील कल्पनांच्या चौकटीबाहेर त्या पूर्णतः जात नाहीत. वर्णद्वेषाचा त्या निषेध करतात. पण त्या देशाच्या भवितव्यावरील त्यांचा विश्वास त्याने डळमळत नाही.

याहून अवघड प्रश्न दोन पुस्तकांच्या तुलनेतून निर्माण होतो. अमेरिकेतील वास्तव्यातच, १८८७ मध्ये, रमाबाईंनी 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक तेथील वाचकांसाठी प्रसिद्ध केले. एकाच लेखिकेने दोन वर्षांच्या अंतराने दोन देशांना एकमेकांचे वर्णन पुरवले. इंग्रजी पुस्तक कार्यासाठी साहाय्य मिळवण्याच्या हेतूने लिहिलेले होते, आणि साहाय्य देणाऱ्या वाचकाची हिंदू स्त्रीविषयीची अपेक्षा ही की ती पीडित आहे व तिला सोडवले पाहिजे. त्या अपेक्षेचा आधार घेतल्यावाचून आवाहन पोहोचणे शक्य नव्हते. पीडा खरी होती, यात संशय नाही. परंतु खऱ्या पीडेचे वर्णनही परक्या वाचकाच्या तयार साच्यात बसते तेव्हा त्याचे क्षितिज सरकत नाही, पक्के होते. मराठी पुस्तकाने घरच्या वाचकाची अपेक्षा हलवली आणि इंग्रजी पुस्तकाने परक्या वाचकाची अपेक्षा बव्हंशी जपली, असे म्हटल्यास ते रमाबाईंवरील दोषारोप ठरू नये. प्रवाशाला स्वतःच्या बदललेल्या क्षितिजाइतकाच समोरच्याच्या न बदललेल्या क्षितिजाशीही व्यवहार करावा लागतो, आणि त्या व्यवहाराची किंमत असते. परदेशात प्रवासी पाहतो तसा पाहिलाही जातो. त्याच्याकडूनही काही अपेक्षिले जाते. प्रवासवर्णनाच्या चर्चेत ही दुसरी बाजू क्वचितच विचारात घेतली जाते.

६

या विवेचनावरून मराठी समीक्षेच्या एका प्रस्थापित निकषाविषयी प्रश्न विचारणे भाग पडते. प्रवासवर्णन हे ललित गद्य होय आणि त्याचे मूल्य लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाच्या आविष्कारात असते, असे दीर्घकाळ मानले गेले. त्यानुसार माहितीप्रधान लेखन हे प्रवासवर्णनाची प्राथमिक अवस्था आणि व्यक्तिमत्त्वप्रधान लेखन ही त्याची परिणत अवस्था, असा विकासक्रम रूढ झाला. या क्रमात रमाबाईंच्या पुस्तकाला इतिहासातील नोंदीपलीकडे जागा उरत नाही. पण व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार म्हणजे काय? जे व्यक्तिमत्त्व प्रवासाला निघताना सिद्ध असते आणि परतताना तसेच सिद्ध असते, त्याचा आविष्कार प्रसन्न असू शकतो. पण त्याला परदेशाची आवश्यकता कितपत असते, हा प्रश्न उरतोच. उलट, ज्या संहितेत 'मी' मागे सरतो आणि लोकस्थितीचे तपशील पुढे येतात, तेथे पाहणाऱ्याची मोजपट्टी बदलत असल्याची खूण त्या तपशिलांच्या निवडीत आणि मांडणीत सापडते. माहिती ही येथे व्यक्तिमत्त्वाच्या अभावाचे चिन्ह नसून त्याच्या परिवर्तनाचे माध्यम आहे.

अर्थात सर्व माहितीप्रधान प्रवासवर्णने या कसोटीला उतरतील असे नाही. पुष्कळांत मार्गदर्शिकेचा कोरडेपणा आहे. तसेच विनोदी वा आत्मपर प्रवासवर्णने केवळ तशी आहेत म्हणून या कसोटीवर बाद होत नाहीत; परदेशाच्या प्रतिष्ठेला 'अपूर्वाई'ने दिलेला धक्का हे त्याचे प्रमाण आहे. प्रश्न लालित्य की माहिती असा नाही. प्रवासवर्णन वाचून संपल्यावर वाचक परदेशाविषयी काय जाणतो, यापेक्षा तो आपल्या घराकडून काय मागू लागतो, असा तो प्रश्न आहे.

आजच्या काळात या प्रश्नाचे महत्त्व वाढले आहे. परदेशप्रवास मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला असून स्थळे पाहण्याआधीच त्यांच्या प्रतिमा पाहून झालेल्या असतात. आयोजित सहली अपेक्षापूर्तीची हमी देतात, म्हणजेच अपेक्षा बदलणार नाही याची हमी देतात. अशा वेळी प्रवासवर्णनाला स्थळवर्णनाचे काम उरलेले नाही. त्याच्याजवळ रमाबाईंनी १८८९ मध्ये केलेले कामच शिल्लक आहे : दुसऱ्या समाजातील स्थिती कोणी, कशी आणि कोणाच्या विरोधाला तोंड देऊन घडवली हे शोधणे, आणि ते वेस न ओलांडलेल्या वाचकापुढे त्याच्याच भाषेत ठेवणे. मराठी प्रवासवर्णनाची परंपरा सव्वाशे वर्षांहून अधिक मागे जाऊन या पुस्तकापासून पुन्हा वाचली, तर तिच्या विकासक्रमाचे रूढ चित्र बदलेल. समीक्षेनेही आपल्या परंपरेकडून काय अपेक्षावे, हे त्यामुळे नव्याने ठरवावे लागेल.